घरच्या कॉम्प्युटरसाठी अँटिव्हायरस निवडताना

नव्या लॅपटॉपचं बिल होता होता दुकानदार विचारतो, "अँटिव्हायरस टाकून देऊ ना? एक वर्षाचा की तीन वर्षांचा?" आपण आधीच मोठी रक्कम मोजलेली असते, त्यात हजारभर रुपये वाढले तर काय, असं वाटतं आणि आपण मान हलवतो. घेतलेली वस्तू वाईट असते असं अजिबात नाही. पण ती नेमकं काय करते, तिच्याशिवाय मशिनमध्ये आधीपासून काय आहे आणि कोणत्या संकटात तिचा काडीचाही उपयोग होणार नाही, हे कुणी सांगत नाही. तेच इथे सांगतो.

माझं मत आधीच देतो. घरात विंडोज ११ असेल, अपडेट वेळच्या वेळी होत असतील आणि क्रॅक केलेली (पैसे न भरता, कुलूप तोडून वापरलेली) सॉफ्टवेअर कुणी टाकत नसेल, तर विंडोजसोबत येणारा मायक्रोसॉफ्ट डिफेंडर बहुतेक घरांना पुरतो. हाताशी दोन-तीन हजार रुपये असतील तर ते आधी बॅकअपसाठी एका एक्स्टर्नल हार्ड डिस्कवर खर्च करा. विकतचा अँटिव्हायरस घेण्याची रास्त कारणंही आहेत, त्यांच्याकडे येतोच.

अँटिव्हायरस ओळखतो कसा?

१९८६ मध्ये लाहोरच्या दोन भावांनी लिहिलेला 'ब्रेन' हा पीसीवरचा पहिला व्हायरस मानला जातो. तो फ्लॉपीवरून पसरायचा, म्हणजे एका शहरातून दुसऱ्या शहरात जायला त्याला माणसाचे हात लागायचे. त्या काळात अँटिव्हायरसचं काम सोपं होतं. प्रत्येक व्हायरसच्या कोडचा एक ठरावीक तुकडा यादीत ठेवायचा, फाइल उघडली की तो तुकडा तिच्यात आहे का ते पाहायचं. या तुकड्याला सिग्नेचर म्हणतात. आता रोज लाखो नव्या घातक फाइल्स तयार होतात आणि त्यातल्या कित्येक केवळ जुन्या फाइल्सची थोडी बदललेली रूपं असतात, त्यामुळे नुसत्या यादीवर भागत नाही.

म्हणून आजचा प्रत्येक चांगला अँटिव्हायरस आणखी दोन गोष्टी करतो. एक, प्रोग्रॅम काय करतोय त्यावर नजर ठेवतो. एखादी फाइल उघडताच ती शेकडो फोटो एकामागून एक बदलायला लागली, तर तिचं नाव यादीत असो वा नसो, तिला थांबवायचं. दोन, अनोळखी फाइल दिसली की तिचा ठसा कंपनीच्या सर्व्हरला पाठवून विचारतो, ही आधी कुणाकडे दिसली आहे का, किती लोकांनी वापरली आहे. हे विचारणं इंटरनेटवरून होतं. यातून खरेदीच्या दृष्टीने फार महत्त्वाची गोष्ट निघते. नेट बंद असताना अँटिव्हायरसची ताकद कमी होते, आणि डिफेंडरची जरा जास्तच कमी होते. ऑनलाइन असताना तो पहिल्या फळीत असतो, ऑफलाइन चाचणीत मागे पडत आलेला आहे. ज्या घरात कॉम्प्युटरला नेट क्वचित मिळतं आणि सगळी देवाणघेवाण पेनड्राइव्हवर चालते, तिथे विकतचा अँटिव्हायरस घेण्यात अर्थ आहे.

पेनड्राइव्हचं प्रकरण जवळून पाहू, कारण आपल्याकडे ते अजून संपलेलं नाही. उत्पन्नाचा दाखला किंवा परीक्षेचं हॉलतिकीट प्रिंट करायला पेनड्राइव्ह झेरॉक्सच्या दुकानात जातो. घरी येऊन उघडला की फोल्डर जागेवर दिसतात, पण प्रत्येक चिन्हाच्या कोपऱ्यात एक छोटा बाण असतो. तो बाण म्हणजे शॉर्टकट. त्यावर राइट क्लिक करून प्रॉपर्टीज पाहिल्या तर 'टार्गेट'च्या रकान्यात तुमच्या फोल्डरच्या नावाआधी विंडोजचा एखादा कमांड चालवणारा प्रोग्रॅम आणि पुढे लांबलचक मजकूर दिसतो. तुमचा खरा फोल्डर त्याच पेनड्राइव्हवर 'हिडन' आणि 'सिस्टिम' असे शिक्के मारून लपवलेला असतो. शॉर्टकटवर डबल क्लिक केलं की आधी ती स्क्रिप्ट चालते, स्वतःची प्रत तुमच्या कॉम्प्युटरवर ठेवते आणि लगेच खरा फोल्डरही उघडून दाखवते. सगळं ठीक चाललंय असं वाटतं. पुढे घरात येणारा प्रत्येक पेनड्राइव्ह असाच होतो.

असं झालं तर घाबरून फॉरमॅट मारू नका. फाइल्स गेलेल्या नसतात. अँटिव्हायरसने पेनड्राइव्ह आणि कॉम्प्युटर दोन्ही स्कॅन करा, मग फोल्डर ऑप्शन्समध्ये जाऊन लपवलेल्या फाइल्स आणि सिस्टिम फाइल्स दोन्ही दाखवायला सांगा, खरे फोल्डर समोर येतील. डिफेंडर फाइल उघडताना ती तपासतो, पण पेनड्राइव्ह लावल्याबरोबर आपणहून पूर्ण स्कॅन करत नाही. विकतच्या बऱ्याच अँटिव्हायरसमध्ये ती सोय असते. आणि दुकानातल्या प्रिंटपुरतं बोलायचं तर पीडीएफ दुकानदाराच्या व्हॉट्सअ‍ॅपवर किंवा ईमेलवर पाठवा, पेनड्राइव्ह घरीच राहू द्या.

खोक्यावरची तीन नावं

जवळपास प्रत्येक कंपनी तीन पायऱ्यांत माल विकते. अँटिव्हायरस, त्यावर इंटरनेट सिक्युरिटी, त्यावर टोटल सिक्युरिटी. व्हायरस पकडणारं इंजिन तिन्हींत सहसा एकच असतं. वाढीव पैसे जातात ते जोडलेल्या सोयींसाठी, त्यामुळे त्या तुम्हाला हव्यात का एवढंच पाहायचं.

फायरवॉल, म्हणजे नेटवरून येणारी अनोळखी जोडणी अडवणारी भिंत, विंडोजमध्ये आहेच. २००४ मध्ये एक्सपीच्या दुसऱ्या सर्व्हिस पॅकपासून तो आपोआप चालू असतो. पासवर्ड मॅनेजर चांगले आणि फुकट मिळतात. 'पीसी ट्यूनअप' नावाची सोय मला निरर्थक वाटते. तात्पुरत्या फाइल्स साफ करायला विंडोजचं स्वतःचं साधन पुरेसं आहे आणि रजिस्ट्री (विंडोजच्या सेटिंगची नोंदवही) साफ केल्याने कॉम्प्युटर वेगवान होत नाही. सोबत येणाऱ्या व्हीपीएनला (तुमचं इंटरनेट दुसऱ्या सर्व्हरमार्फत फिरवणारी सोय) बहुतेक वेळा रोजची डेटा मर्यादा असते किंवा त्याचे पैसे वेगळे मागितले जातात. बँकिंगसाठी वेगळा सुरक्षित ब्राउझर मिळतो, त्याचा थोडा उपयोग आहे, विशेषतः घरातला एकच कॉम्प्युटर सगळे जण वापरत असतील तर. मुलांसाठीचं पेरेंटल कंट्रोल ज्यांना खरंच लागतं त्यांनी मायक्रोसॉफ्टचं फॅमिली सेफ्टी आधी वापरून पाहावं, ते कमी वाटलं तर विकतचं घ्यावं.

एक सूचना जीएसटी, आयकर किंवा टेंडरची कामं घरून करणाऱ्यांसाठी. काही इंटरनेट सिक्युरिटी पॅकेज ब्राउझरचं एन्क्रिप्ट केलेलं (सांकेतिक कुलूप लावलेलं) दळणवळण मध्येच उघडून तपासतात. डिजिटल सहीचा टोकन वापरणारं सॉफ्टवेअर त्याने कधी कधी अडतं. सही होत नाही म्हणून लोक अख्खा अँटिव्हायरस बंद करून ठेवतात आणि पुन्हा चालू करायला विसरतात. त्यापेक्षा सेटिंगमध्ये तेवढ्या सॉफ्टवेअरला किंवा साइटला सूट द्या.

विकत घ्यायचाच असेल तर जाहिरातीतल्या दाव्यांवर जाऊ नका. जर्मनीतल्या माग्डेबर्गची एव्ही-टेस्ट आणि ऑस्ट्रियातल्या इन्सब्रुकची एव्ही-कम्पॅरेटिव्हज या दोन संस्था वर्षभर चाचण्या घेतात आणि निकाल सगळ्यांना फुकट पाहता येतात. एव्ही-टेस्ट तीन विषयांत प्रत्येकी ६ गुण देते. संरक्षण, वेग आणि वापरातला त्रास, मिळून १८. वरच्या दहा-बाराही नावांना संरक्षणात जवळपास पूर्ण गुण असतात, म्हणून तिथे अर्ध्या गुणाच्या फरकावर डोकं खाजवू नका. पाहायचं ते दुसऱ्या दोन रकान्यांत. तुमचा लॅपटॉप ४ जीबी रॅमचा आणि जुन्या हार्ड डिस्कचा असेल तर वेगाचे गुण तुमच्यासाठी सगळ्यात मोठे. आणि निर्दोष फाइल्सना व्हायरस ठरवण्याचं प्रमाण जास्त असेल तर तो अँटिव्हायरस घेऊ नका. रोज खोटी घंटा वाजली की माणूस खरी घंटाही दुर्लक्षून 'अलाऊ' दाबतो. एकाच निकालावर भिस्त ठेवू नका, वर्षभराचे सलग निकाल पाहा.

भारतीय नावंही आहेत. पुण्यातली क्विक हील, चेन्नईची के-सेव्हन, मुंबईची ई-स्कॅन. कॅल्क्युलेटर दुरुस्तीपासून सुरुवात करणारे कैलास काटकर आणि त्यांचे बंधू संजय काटकर यांनी पुण्यात उभी केलेली क्विक हील २०१६ मध्ये शेअर बाजारात नोंदली गेली, याचा मला मराठी माणूस म्हणून मनापासून अभिमान आहे. जवळच्या दुकानात माल मिळणं, अडचण आली तर आपल्या भाषेत बोलणारा माणूस फोनवर मिळणं, ही आईवडिलांच्या कॉम्प्युटरसाठी फार मोठी गोष्ट आहे. पण निवड करताना हिलाही इतरांसारखीच चाचण्यांची कसोटी लावा.

विश्वास कुणावर?

अँटिव्हायरसला कॉम्प्युटरमधली प्रत्येक फाइल वाचायची परवानगी असते आणि तो विंडोजच्या अगदी आतल्या थरात काम करतो. रखवालदाराच्या हातात घरातल्या सगळ्या कपाटांच्या किल्ल्या द्याव्यात, तसं हे आहे. म्हणून कंपनी कोण, तिचे पैसे कुठून येतात, हे विचारणं गैर नाही.

अव्हास्टचा मोफत अँटिव्हायरस जगभर लोकप्रिय होता. त्या कंपनीने ग्राहक कोणत्या साइटवर जातात याचा डेटा गोळा करून 'जम्पशॉट' या उपकंपनीमार्फत विकला. हे उघड झाल्यावर २०२० च्या जानेवारीत जम्पशॉट बंद झाली, आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने अव्हास्टकडून १ कोटी ६५ लाख डॉलर वसूल करण्याचा आदेश जाहीर केला. ग्राहकांनी ते सॉफ्टवेअर घेतलं होतं ते मागावर राहणाऱ्यांपासून वाचण्यासाठी, हे आठवलं की राग येतो. अव्हास्ट, एव्हीजी, अविरा आणि नॉर्टन ही चारही नावं आता जेन डिजिटल या एकाच कंपनीची आहेत, त्यामुळे त्यांच्यात तुलना करताना आपण एकाच घरातली भावंडं तपासतोय हे ध्यानात असू द्या.

रशियन कॅस्परस्की चाचण्यांमध्ये कायम वर राहिला, तरी अमेरिकेने २०२४ मध्ये त्याच्या विक्रीवर आणि पुढे अपडेटवरही बंदी घातली. कारण तांत्रिक कमतरतेचं नव्हतं, कंपनीवर परक्या सरकारचा दबाव येऊ शकतो हे होतं. आणि १९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइक या, कंपन्यांना विकल्या जाणाऱ्या, सुरक्षा सॉफ्टवेअरच्या एका सदोष अपडेटने सुमारे ८५ लाख विंडोज कॉम्प्युटर बंद पडले. आपल्याकडे विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास वाटावे लागले. हल्लेखोर कुणी नव्हताच. इतक्या आतल्या थरात जाणारं सॉफ्टवेअर जितकं कमी तितकं बरं, असं मी म्हणतो ते यामुळे. एका कॉम्प्युटरवर दोन अँटिव्हायरस तर कधीच नकोत. दोघं एकमेकांच्या कामात अडथळा आणतात आणि मशिन मंदावतं. दुसरा टाकला की डिफेंडर स्वतः बाजूला होतो, ते ठीक आहे. नव्या लॅपटॉपमध्ये महिनाभराचा ट्रायल आधीच घातलेला असतो, तो ठेवायचा नसेल तर मुदत संपेपर्यंत थांबू नका. ॲप्सच्या यादीतून काढून टाका, डिफेंडर आपोआप सुरू होतो. 'विंडोज सिक्युरिटी' उघडून सगळीकडे हिरवी खूण आहे ना, ते मात्र पाहा.

अपडेटची जागा अँटिव्हायरस घेत नाही

मार्च २०१७ मध्ये मायक्रोसॉफ्टने विंडोजमधली एक मोठी फट बुजवणारा अपडेट दिला. दोन महिन्यांनी, १२ मे रोजी, वॉनाक्राय हा व्हायरस त्याच फटीतून शिरला आणि दीडशेच्या आसपास देशांत पसरला. ज्यांनी अपडेट केलं होतं त्यांच्या मशिनमध्ये त्याला त्या वाटेने शिरता आलं नाही. जूनमध्ये नॉटपेट्या हा दुसरा व्हायरस आला, त्याने न्हावाशेवाच्या जेएनपीटी बंदरातल्या एका टर्मिनलचं काम थांबवलं.

हे आज सांगायचं कारण विंडोज १०. त्याचा नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. घरगुती ग्राहकांना वाढीव सुरक्षा अपडेटची सोय १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत आहे, पण त्यासाठी सेटिंगमधल्या अपडेटच्या पानावर जाऊन नोंदणी करावी लागते. डिफेंडरच्या व्हायरस याद्या विंडोज १० वर निदान ऑक्टोबर २०२८ पर्यंत येत राहतील. पण यादी ताजी असली तरी विंडोजमधली फट बुजत नाही. "विंडोज १० असला तरी आमचं टोटल सिक्युरिटी टाका, मग चिंता नाही," असं कुणी म्हणालं तर ते खरं मानू नका. मशिन विंडोज ११ घेत नसेल आणि घरात फक्त ब्राउझिंग, यूट्यूब आणि पत्रं टाइप करणं एवढंच होत असेल, तर विंडोजच्या जागी टाकायची मोफत लिनक्स मिंट सिस्टिम हा गंभीरपणे विचार करण्याजोगा पर्याय आहे.

रॅन्समवेअर म्हणजे फाइल्सना कुलूप घालून खंडणी मागणारा व्हायरस. घरगुती कॉम्प्युटरवर 'स्टॉप डीजेव्हीयू' नावाच्या कुळाने फार नुकसान केलं आहे, आणि तो मुख्यतः क्रॅकमधून येतो. फोटो एडिटर, डीटीपीचं सॉफ्टवेअर, गेम, विंडोज फुकट ॲक्टिव्हेट करणारं टूल. या क्रॅकसोबतच्या सूचनेत पहिली ओळ असते, 'आधी अँटिव्हायरस बंद करा'. ती ओळ पाळली की जगातला कोणताही अँटिव्हायरस निरुपयोगी. मराठी डीटीपीची कामं घरून करणारी कितीतरी माणसं अशा क्रॅकवर आपला रोजगार टांगून ठेवतात, याचं मला वाईट वाटतं. साध्या टायपिंगला युनिकोड मोफत आहे, मांडणीला स्क्रायबस मोफत आहे.

डिफेंडरमध्ये 'कंट्रोल्ड फोल्डर ॲक्सेस' नावाची सोय आहे. ती चालू केली की डॉक्युमेंट्स आणि पिक्चर्स अशा फोल्डरमध्ये अनोळखी प्रोग्रॅमला बदल करता येत नाही. ती मुळात बंद असते. 'विंडोज सिक्युरिटी'मध्ये 'व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन', तिथे खाली 'मॅनेज रॅन्समवेअर प्रोटेक्शन', आणि तिथलं बटण चालू करायचं. सुरुवातीला एखादा चांगला प्रोग्रॅमही अडेल, त्याला यादीतून परवानगी द्या. तरीही खरा आधार बॅकअपचाच. लग्नाचे फोटो, घराची कागदपत्रं, मुलांचे प्रकल्प एक्स्टर्नल डिस्कवर घ्या आणि डिस्क काढून कपाटात ठेवा. सतत जोडून ठेवलेल्या डिस्कवरच्या फाइल्सनाही कुलूप लागतं.

आता सगळ्यात नाजूक भाग. घरातल्या ज्येष्ठांचे पैसे आज जातात ते बहुधा व्हायरसमुळे जात नाहीत. स्क्रीनच्या कोपऱ्यात 'तुमच्या अँटिव्हायरसची मुदत संपली, ५ व्हायरस सापडले' अशी लाल चौकट येते. ती अँटिव्हायरसकडून आलेलीच नसते. कधीतरी एखाद्या साइटवर 'अलाऊ' दाबलेलं असतं, त्या परवानगीने क्रोमची सूचना म्हणून ती येत राहते. क्रोमच्या सेटिंगमध्ये 'साइट सेटिंग्ज', मग 'नोटिफिकेशन्स' इथे जाऊन अनोळखी साइट काढल्या की ती थांबते. आईवडिलांच्या कॉम्प्युटरवर हे एकदा स्वतः करून द्या, सोबत युब्लॉक ओरिजिन लाइटसारखा जाहिराती अडवणारा एक्स्टेन्शनही टाका. रिन्यूअलचे पैसे आपोआप कापले जाणार असतील, तर रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार कार्डावरच्या अशा वसुलीची सूचना किमान २४ तास आधी यायला हवी. 'तुमचे अमुक हजार कापले, रद्द करायला या नंबरवर फोन करा' असं ईमेल आलं तर त्यातला नंबर लावू नका, बँकेच्या ॲपमध्ये पैसे खरंच गेलेत का ते पाहा.

आणि फोनवरच्या माणसाच्या सांगण्यावरून एनीडेस्क किंवा टीमव्ह्यूअर यांसारखं, दुरून कॉम्प्युटर चालवू देणारं सॉफ्टवेअर टाकून आपणच स्क्रीन दाखवली, तर कोणताही अँटिव्हायरस मध्ये पडत नाही. ती वैध सॉफ्टवेअर आहेत आणि परवानगी मालकाने दिलेली असते. असं घडलंच तर लाजून गप्प बसू नका, घरच्यांनीही रागावू नये. आधी वायफाय बंद करा, दुसऱ्या फोनवरून बँकेला आणि लगेच १९३० या हेल्पलाइनला कळवा. तक्रार सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन या सरकारी पोर्टलवरही नोंदवता येते. जितक्या लवकर फोन जाईल तितकी पैसे मधल्या खात्यात गोठवले जाण्याची शक्यता जास्त. पासवर्ड बदलायचे ते दुसऱ्या मशिनवरून. कॉम्प्युटर फॉरमॅट करायला दुकानात नेण्याची घाई नको. चॅट, कॉल आणि व्यवहारांचे स्क्रीनशॉट काढून तक्रार नोंदवून झाली, की मगच.